दुकानदाराला मुभा, पाळकाला मनाई: न्यू यॉर्कच्या शस्त्रबंदीचं एक प्रकरण

न्यू यॉर्क राज्याच्या फौजदारी कायद्यात २६५.०१-डी आणि २६५.०१-ई ही दोन कलमं लागोपाठ येतात. हे प्रकरण कळायचं तर दोन्ही एका बैठकीत वाचायला हवीत.

‘ई’ कलमात संवेदनशील ठिकाणांची लांबलचक यादी आहे. शाळा, ग्रंथालयं, दवाखाने, प्राणिसंग्रहालयं, दारूचे बार, नाट्यगृहं, टाइम्स स्क्वेअर आणि त्यांच्यासोबत ‘प्रार्थनेचं किंवा धार्मिक आचरणाचं कोणतंही ठिकाण’. इथे लायसन्स असलेल्या माणसानेही बंदूक नेली तर तो गंभीर गुन्हा, चार वर्षांपर्यंत तुरुंगवास. ‘डी’ कलम उरलेल्या खासगी जागांसाठी. कायदा आला तेव्हा तिथेही एरवी मनाईच होती, पण एक सोय ठेवलेली. मालकाने दर्शनी भागात बंदुकीला परवानगी असल्याची पाटी लावली किंवा स्वतः स्पष्ट होकार दिला, तर बंदूक नेता येते.

आता रस्त्याच्या एका बाजूला किराणा दुकान आणि समोर चर्च असं चित्र डोळ्यांसमोर आणा. दुकानदाराने दारावर पाटी चिकटवली की परवानाधारक ग्राहक कमरेला पिस्तूल लावून आत जाऊ शकतो. समोरच्या चर्चच्या विश्वस्तांनी एकमताने ठराव केला, पाळकाने, म्हणजे पास्टरने, सही केली, तरी तोच माणूस तेच पिस्तूल घेऊन आत गेला की गुन्हेगार. जागा दोन्ही खासगी, दोन्हीकडे लोकांची ये-जा, पण ठरवायचा अधिकार एकालाच. सगळा खटला शेवटी या एका फरकावर येऊन उभा राहिला.

हा कायदा कुठून आला?

१४ मे २०२२ रोजी बफेलो शहरातल्या टॉप्स सुपरमार्केटमध्ये एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने १० कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून ठार मारलं. दुकानाचे रखवालदार आरन सॉल्टर हे निवृत्त पोलीस. त्यांनी हल्लेखोरावर गोळी झाडली, ती लागलीही, पण त्याने अंगात चिलखत घातलं होतं. सॉल्टर त्याच दिवशी मारले गेले. गव्हर्नर कॅथी होकल या मूळच्या बफेलोच्याच.

त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते. २३ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात न्यू यॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. सार्वजनिक जागी पिस्तूल बाळगायचं तर खास कारण दाखवा, असा तो नियम होता. न्यायमूर्ती क्लेरन्स थॉमस यांनी निकालपत्रात सांगितलं की शस्त्रांवरचं बंधन टिकवायचं असेल तर देशाच्या इतिहासात तशा बंधनाची परंपरा दाखवावी लागेल. शाळा, सरकारी इमारती, मतदान केंद्रं, न्यायालयं यांसारख्या संवेदनशील ठिकाणी मात्र बंदी घालता येईल, ही वाट त्यांनी मोकळी ठेवली.

राज्याने तीच वाट धरली. विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं, १ जुलैला नवा कायदा मंजूर झाला, त्यावर गव्हर्नरांची सहीही झाली आणि १ सप्टेंबरपासून तो अमलात आला. पोलीस, निवृत्त पोलीस, नोंदणीकृत सुरक्षारक्षक अशांना ‘ई’ कलमातून सूट मिळाली. चर्चमध्ये दारापाशी उभा राहणारा स्वयंसेवक त्या सवलतीत बसत नव्हता. मोठ्या देवस्थानाला, ज्यूंच्या मोठ्या सिनेगॉगला पगारी रक्षक परवडतो. चाळीस-पन्नास कुटुंबांच्या मंडळीला तो परवडत नाही, आणि कायदा लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

तीन दावे, चार पाळक

पहिला दावा सिरॅक्यूजच्या बाजूचा, ‘अँटोन्युक’. त्यातल्या वादींपैकी एक होते पाळक जोसेफ मॅन. त्यांचं घर चर्चच्याच आवारात. मग प्रश्न असा की घरात ठेवलेली बंदूकही प्रार्थनास्थळातली धरायची का? हा प्रश्न आपल्या लोकांनाही परका नाही. ‘धार्मिक आचरणाचं कोणतंही ठिकाण’ हे शब्द इतके सैल की देव्हारा असलेलं प्रत्येक मराठी घर त्यात बसवता येईल. एखाद्या तळघरात सत्यनारायण मांडला की ती जागा तेवढ्यापुरती संवेदनशील होते का, याचं उत्तर कलम वाचून मिळत नाही. चार वर्षांची शिक्षा ज्या शब्दांवर अवलंबून आहे, ते शब्द असे ढिसाळ ठेवू नयेत.

दुसरा दावा ‘हार्डअवे’. नायगारा फॉल्सच्या ट्रिनिटी बॅप्टिस्ट चर्चचे पाळक जिमी हार्डअवे आणि बफेलोतल्या एका चर्चचे बिशप लॅरी बॉइड हे त्याचे वादी. दोघेही लायसन्सधारक, दोघेही पूर्वीपासून चर्चमध्ये पिस्तूल बाळगणारे. त्यांचा भर होता शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्कावर, म्हणजे दुसऱ्या घटनादुरुस्तीवर.

तिसरा दावा ‘स्पेन्सर’, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. हॉर्सहेड्स नावाच्या छोट्या गावातल्या चर्चचे पाळक मायकल स्पेन्सर यांनी शस्त्राच्या हक्काबरोबर धर्मस्वातंत्र्याचाही मुद्दा मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मंडळीचं रक्षण करणं हा माझ्या धर्मकर्तव्याचाच भाग आहे, आणि ते कसं करायचं हे माझ्या चर्चने ठरवायचं, सरकारने नाही.

मराठी वाचकाला हे पटकन कळेल. आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी पास्टरला ‘पाळक’ म्हणतात आणि चर्चमधल्या समुदायाला ‘कळप’. मूळ इंग्रजी शब्दाच्या मागे जो मेंढपाळ लपलेला आहे, तो मराठीत उघडपणे समोर उभा राहतो. लांडगा आला तर मेंढपाळाने काय करावं, हा त्या श्रद्धेतला जुना आणि खरा प्रश्न आहे. याच श्रद्धेतले दुसरे लोक, उदाहरणार्थ क्वेकर, त्याच ग्रंथातून कधीही शस्त्र न उचलण्याचं व्रत घेतात, आणि त्यांचीही निष्ठा तितकीच खरी. पुढे सगळ्यांसाठी एकच नियम करायला निघालं की अडचण होते ती यामुळेच.

बफेलोच्या बाजूचे संघराज्य न्यायाधीश जॉन सिनात्रा यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘हार्डअवे’त आणि २९ डिसेंबरला ‘स्पेन्सर’मध्ये राज्याविरुद्ध मनाईहुकूम दिला. सिरॅक्यूजचे न्यायाधीश ग्लेन सडाबी यांनीही ‘अँटोन्युक’मध्ये कायद्याच्या बऱ्याच भागाला रोखलं होतं. उलट मॅनहॅटनमध्ये न्यायाधीश व्हर्नन ब्रॉडरिक यांच्यापुढे ब्रुकलिनच्या ज्यू मंडळींचा असाच अर्ज आला तेव्हा त्यांनी २०२३ मध्ये तो फेटाळला. राज्य एक, कायदा एक आणि उत्तरं परस्परविरुद्ध.

इतिहासाचा पुरावा आणि त्यातलं अवघडलेपण

‘ब्रुएन’मुळे वकिलांना जुनी दप्तरं उपसावी लागली. राज्याच्या बाजूने १८७० चे टेक्सस आणि जॉर्जियाचे कायदे पुढे आले, नंतरचा मिझुरीचा आला. यादवी युद्धानंतरच्या त्या काळात या राज्यांनी प्रार्थनास्थळी शस्त्रं न्यायला बंदी केली होती. न्यायाधीश सिनात्रांना हे दाखले थोडे आणि उशिराचे वाटले, त्यातून देशाची परंपरा सिद्ध होत नाही असं ते म्हणाले.

दुसऱ्या बाजूचे दाखले आणखी जुने आहेत. व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६३२ मध्ये आणि जॉर्जियात १७७० मध्ये चर्चला येताना शस्त्र आणलंच पाहिजे असे कायदे होते. ऐकायला हा पुरावा जोरकस वाटतो. पण जॉर्जियाचा कायदा गोऱ्या पुरुषांवर ही सक्ती करत होता, आणि ती गुलामांच्या उठावाच्या भीतीपोटी. गोरे लोक रविवारी एका जागी जमतात, तेव्हा बाकीचे उठले तर काय, ही त्यामागची चिंता. माणसांना साखळीत ठेवणाऱ्यांनी स्वतःच्या धास्तीतून केलेला नियम आजच्या धर्मस्वातंत्र्याचा आधार म्हणून वाचताना माझा हात अडखळतो. शोधायचा तर इतिहासात दोन्ही बाजूंना सोयीचा तुकडा सापडतो, आणि बफेलोतल्या आजच्या रविवारच्या प्रार्थनेबद्दल त्यातला कोणताही फारसं सांगत नाही.

सहा सेकंद

भीती खरी आहे, यावर दोन्ही पक्षांत वाद नव्हता. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीक गुरुद्वारात सहा जण मारले गेले, जखमी झालेले सातवे गृहस्थ २०२० मध्ये वारले. हल्लेखोराला अडवताना प्राण गमावणाऱ्यांत गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका होते. लंगरची तयारी चालू होती. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ जण, २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जण.

२९ डिसेंबर २०१९ ला टेक्ससमधल्या व्हाइट सेटलमेंट गावात जे झालं, ते चर्चच्याच थेट प्रक्षेपणात चित्रित झालेलं आहे. प्रार्थना चालू असताना एक माणूस उठतो आणि कोटाखालून शॉटगन काढतो. सुरक्षा पथकातले एक सदस्य पिस्तुलाला हात घालतात, पण त्याआधीच ते गोळी लागून पडतात. आणखी एक जण मारला जातो. मग पथकाचे प्रमुख जॅक विल्सन एकच गोळी झाडतात आणि हल्लेखोर कोसळतो. सगळं मिळून सुमारे सहा सेकंद. ‘मंडळीकडे बंदूक असायलाच हवी’ म्हणणारे हा व्हिडिओ दाखवतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. विल्सन तिथे नसते तर आकडा वाढला असता.

पण विल्सन हे अनेक वर्षं नेमबाजी शिकवलेले, सराव केलेले गृहस्थ. त्याच चित्रफितीत पुढच्या काही क्षणांत निरनिराळ्या बाकांवरून इतरही माणसं हातात पिस्तूल घेऊन उभी राहिलेली दिसतात. हल्लेखोर पडला होता म्हणून निभावलं. पडला नसता, तर त्या गर्दीत कोण कुणाचा हे एकमेकांना कसं कळलं असतं?

आणि त्याच्या दोन वर्षं आधीची टेनेसीतली घटना. टेलिको प्लेन्स गावात नोव्हेंबर २०१७ मध्ये चर्चच्या जेवणाच्या दिवशी टेबलाशी गप्पा चालल्या होत्या. त्याच महिन्यात सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये झालेल्या भयंकर गोळीबाराबद्दलच लोक बोलत होते. ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी आपण पिस्तूल नेहमी जवळ ठेवतो असं सांगून ते काढून दाखवलं, गोळ्या काढल्या, पाहून झाल्यावर पुन्हा भरल्या. मग आणखी कुणी पाहायला मागितलं. भरलेलं आहे हे विसरून त्यांनी चाप ओढला. गोळी त्यांच्या स्वतःच्या तळव्यातून आरपार जाऊन शेजारी बसलेल्या पत्नीच्या पोटात घुसली. सुदैवाने दोघं वाचले. बंदीची बाजू घेणाऱ्यांना कुणी भेकड म्हणालं की मला हे आजोबा आठवतात. त्यांच्या मनात रक्षणाशिवाय दुसरं काही नव्हतं.

अपिलात काय ठरलं

डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे न्यू यॉर्क ज्यात येतं त्या विभागाच्या, संघराज्य अपील न्यायालयाने खालच्या मनाईहुकमांना बऱ्याच अंशी स्थगिती दिली, पण प्रार्थनास्थळी शांतता राखण्याचं काम ज्यांच्यावर सोपवलेलं आहे, त्यांना सूट राहू दिली. राज्याला इशारा पुरेसा होता. मे २०२३ मध्ये विधिमंडळाने ‘ई’ कलमात काही शब्द घातले: त्या प्रार्थनास्थळाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्ती वगळून. एवढ्या एका वाक्यांशाने हार्डअवे, बॉइड आणि मॅन यांचा हा मुद्दा निकालात निघाला, कारण त्यांना जे करायचं होतं ते आता कायदेशीर झालं. ‘स्पेन्सर’चा वाद शिल्लक राहिला, कारण कोणी बंदूक आणायची हे चर्चने ठरवायचं, हा त्यांचा मुद्दा त्याने सुटत नव्हता.

८ डिसेंबर २०२३ ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने अडीचशेहून अधिक पानांचं निकालपत्र दिलं. बार, नाट्यगृहं, प्राणिसंग्रहालयं यांच्यावरची बंदी त्यांनी टिकवली. स्पेन्सर आणि त्यांच्या चर्चच्या बाजूचा मनाईहुकूमही टिकवला, पण शस्त्राच्या हक्काला हात न लावता, निव्वळ धर्मस्वातंत्र्याच्या जोरावर.

तर्क असा चालतो. १९९० च्या ‘स्मिथ’ निकालापासून अमेरिकेत नियम आहे की कायदा धर्माबाबत तटस्थ आणि सर्वांना सारखा लागू असेल, तर त्याची झळ धर्माचरणाला बसली तरी तो चालतो. झळ बसते म्हणून वेगळी सवलत मागता येत नाही. मात्र कायद्याने एखाद्या तुलनेजोग्या ऐहिक गोष्टीला मोकळीक दिली आणि धार्मिक गोष्टीला नाकारली, की त्याला सर्वांत कडक कसोटीतून जावं लागतं. करोनाकाळात याच राज्याने चर्च आणि सिनेगॉगमधल्या उपस्थितीवर दहा माणसांची मर्यादा घातली होती, दुकानांना मात्र तशी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ती मर्यादा रोखली. एप्रिल २०२१ मध्ये ‘टँडन’ या निकालाने हे सूत्र पक्कं केलं, आणि त्यात एक महत्त्वाची पुस्ती जोडली: काही ऐहिक ठिकाणांनाही तितकंच वाईट वागवलं, हे उत्तर पुरेसं नाही.

राज्याचं उत्तर नेमकं तेच होतं. आम्ही एकट्या चर्चला कुठे धरलं आहे, नाट्यगृहाला आणि बारलाही बंदीच आहे. न्यायालयाने नजर वळवली ती ‘डी’ कलमाकडे. किराणा दुकानदार ठरवू शकतो, पाळक ठरवू शकत नाही. चर्चमधली बंदूक दुकानातल्या बंदुकीपेक्षा जास्त धोक्याची का, याचं समाधानकारक कारण राज्याला देता आलं नाही.

मला हा निकाल पटतो, आणि पटतो तो अरुंद आहे म्हणूनच. बंदूक ही पूजेची वस्तू आहे असं त्याने म्हटलं नाही. प्रत्येक भाविकाला कमरेला पिस्तूल लावून बसायचा हक्कही दिला नाही. आपल्या छताखाली काय चालेल हे ठरवण्याचा जो अधिकार दुकानदाराला आहे, तो देवाच्या घरच्या विश्वस्तांपासून काढून घेऊ नका, एवढंच सांगितलं.

पुढे ‘राहिमी’ हा शस्त्रांच्या हक्काबद्दलचा नवा निकाल आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ‘अँटोन्युक’ प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. २४ ऑक्टोबर २०२४ ला अपील न्यायालयाने त्यातला आपला आधीचा निष्कर्ष कायम ठेवला. ७ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

कुणी काहीच ठरवलं नाही तर?

अधिकार मंडळीचा हे मान्य केलं तरी धोरणाचा एक प्रश्न उरतो. मंडळी गप्प बसली तर दार उघडं समजायचं की बंद?

टेक्ससने २०१९ पासून दार उघडं ठेवलं. ज्यांना बंदूक नको त्यांनी तसं कळवायचं. पाटी लावायची तर मजकूर कायद्याने ठरवलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, इंचभर उंचीच्या अक्षरांत. जॉर्जियात आधी सरसकट बंदी होती आणि २०१२ मध्ये संघराज्य अपील न्यायालयाने ती उलथवायला नकार दिला. दोन वर्षांनी विधिमंडळानेच कायदा बदलून ठरवलं की चर्चने परवानगी दिली तर चालेल, एरवी नाही.

माझं मत जॉर्जियाच्या या दुसऱ्या पद्धतीकडे झुकतं. प्रार्थनेला बसलेल्या माणसाचंही धर्मस्वातंत्र्य आहे. डोळे मिटून बसणाऱ्याला शेजारच्याच्या कोटाखाली काय आहे ते ठाऊक नसतं, आणि आपल्या मंडळीने जाणूनबुजून काही ठरवलेलं नसताना ते तिथे असू नये, ही त्याची अपेक्षा रास्त आहे. शस्त्राला व्रत म्हणून नाकारणाऱ्या क्वेकरांवर आपल्या दाराशी बंदुकीबद्दल पाटी लावायची वेळ का यावी? दार बंद असावं, किल्ली मंडळीकडे असावी.

आपल्याकडच्या कायद्याशी ताडून पाहिलं तर अंतर कळतं. मे १९८८ मध्ये सुवर्णमंदिरातून अतिरेक्यांना बाहेर काढल्यावर काही दिवसांतच केंद्राने अध्यादेश आणला, त्याचा धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम झाला. तो संस्थेच्या व्यवस्थापकालाच बांधून टाकतो: शस्त्र आत येऊ द्यायचं नाही. परवानगी द्यायची सोयच नाही. सूट आहे ती शीख व्यक्तीच्या कृपाणाला आणि रूढीने चालत आलेल्या विधींमधल्या शस्त्रांना. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये जपलेली गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं किंवा जेजुरीला दसऱ्याला उचलला जाणारा खंडोबाचा खंडा, अशा गोष्टी त्या सवलतीमागे दिसतात. आपल्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, म्हणून इथे वाद कृपाणापाशी थांबतो. न्यू यॉर्कमध्ये दोन मूलभूत हक्क एकाच उंबरठ्यावर येतात. त्यामुळे इथलं उत्तर उचलून तिथे नेता येत नाही.

फ्लशिंगच्या गणपती मंदिरापासून एखाद्या गावातल्या लहान गुरुद्वारापर्यंत न्यू यॉर्कमधल्या प्रत्येक संस्थेला आता एक काम करावं लागणार आहे. ‘सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्ती’ म्हणजे कोण? बैठकीत नावं घेऊन ठरवायचं, की दर रविवारी दारापाशी उभे राहणारे काका आपोआपच त्यात येतात? कलमात एवढेच शब्द आहेत, व्याख्या नाही. मी विश्वस्त असतो तर तारीख घालून ठराव केला असता, नावं लिहिली असती, कुणाचं प्रशिक्षण कधी झालं तेही नोंदवलं असतं, आणि तो कागद फाइलला लावला असता. पोलिसांनी विचारलं तर त्या काकांच्या हातात दाखवायला तेवढंच असेल.

हॉर्सहेड्सच्या चर्चला मात्र अशा यादीची गरज नाही. न्यायालयाचा मनाईहुकूम स्पेन्सर, त्यांचं चर्च आणि त्याचे सदस्य यांच्यापुरता आहे, तिथे कोणी बंदूक आणायची ते चर्चच ठरवतं. शेजारच्या गावातल्या चर्चला ‘ई’ कलम पूर्वीसारखंच लागू आहे, सुरक्षेच्या जबाबदारीचे ते मोजके शब्द धरून.